उकिरडा ते कांचनवाडी: ओल्या कचऱ्यातल्या गॅसची पार्श्वभूमी

मराठवाड्याच्या खेड्यात कचरा ही पूर्वी अडचण नव्हती, इस्टेट होती. गावकुसाला ज्याचा त्याचा उकिरडा. शेण, चुलीतली राख, गोठ्यातला केर, भाजीची देठं सगळं त्यात पडायचं आणि पाऊस पडायच्या आत बैलगाडीत भरून रानात जायचं. दुसऱ्याच्या उकिरड्यातून पाटीभर खत उचललं तरी भांडण लागायचं. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. खेड्यात तो दर उन्हाळ्यात फिटत होता.

शहरात उकिरडा आला, पण तो रिकामा करणारं रान मागेच राहिलं. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, 1982 साली महापालिका झाली. चिकलठाणा, वाळूजच्या एमआयडीसीमुळे वस्ती फुगली आणि कचऱ्याचे ट्रक नारेगावकडे वळले. ते तीस वर्षांहून जास्त काळ तिकडेच रिकामे होत राहिले. लातूरचा कचरा वरवंटीला, नांदेडचा तुप्प्याला. आपली घाण दुसऱ्या गावाच्या वेशीवर नेऊन टाकायची, याला आपण ‘व्यवस्थापन’ म्हणत आलो.

अशा डेपोच्या पोटात काय चालतं? वरच्या थरांच्या दाबाखाली हवा संपते आणि शिळं अन्न, साली, पालापाचोळा हवेशिवाय कुजू लागतात. त्यातून निघणाऱ्या गॅसमध्ये साधारण निम्मा मिथेन असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 28 पट उष्णता धरून ठेवतो. उन्हाळ्यात ठिणगी पडली की ढीग आतून धुमसतो. वरून टँकरभर पाणी मारलं तरी दोन दिवसांनी दुसऱ्या कोपऱ्यातून धूर येतो. त्या धुरात प्लास्टिकही जळत असतं. पावसाळ्यात ढिगाखालून चहासारखं काळं, आंबूस पाणी झिरपतं. आपल्याकडे खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांतून हे पाणी विहिरी-बोअरपर्यंत पोचू शकतं. जिथे मार्चपासून टँकर लावावा लागतो, तिथे एक विहीर नासणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मग कचरा जाळून वीज का करत नाही, हा प्रश्न दर सभेत कुणीतरी विचारतोच. तो प्रयोग देशात 1987 मध्ये झालेला आहे. दिल्लीच्या तिमारपूरला डेन्मार्कच्या तंत्राचा, दिवसाला 300 टन कचऱ्याचा प्रकल्प उभा राहिला आणि थोड्याच काळात बंद पडला. भट्टीला किलोमागे साडेचौदाशेच्या आसपास किलोकॅलरी उष्णतेचा कचरा हवा होता, मिळाला सहाशे-सातशेचा. ओला वरणभात आणि माती जळत नसते. 2016 च्या घनकचरा नियमांनी यातला धडा घेतलेला दिसतो: पुनर्वापर न होणारा आणि किलोमागे 1500 किंवा त्याहून जास्त किलोकॅलरीचा कचराच ऊर्जेसाठी वापरायचा, असं त्यांत ठरलं.

आपल्या कचऱ्यातली मोठी ऊर्जा कुजण्यात, म्हणजे त्यातून निघणाऱ्या त्याच गॅसमध्ये आहे, आणि हे आपल्याला नवं नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात 1897 साली मैल्याच्या गॅसवर दिवे लागत होते. पुढे गोबरगॅस गावोगाव पोचला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी शिळ्या अन्नावर चालणारा घरगुती संच केला, तर भाभा अणुसंशोधन केंद्राने ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारं ‘निसर्गऋण’ हे तंत्र आणलं. नीट वेगळा केलेला टनभर ओला कचरा साधारण 80 ते 100 घनमीटर गॅस देतो. घरच्या भाषेत, अडीच-तीन सिलिंडर.

तरी मराठवाड्यात हे गांभीर्याने घेतलं गेलं ते भांडण झाल्यावरच. 16 फेब्रुवारी 2018 पासून नारेगाव-मांडकी परिसरातल्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरात रोज जवळपास साडेचारशे टन कचरा निघत होता आणि टाकायला जागा नव्हती. चौकाचौकात ढीग, त्यावर गाई, संध्याकाळी कुणीतरी पेटवून दिलेला धूर. पर्यायी जागा म्हणून गाड्या मिटमिट्याकडे गेल्या तर 7 मार्चला तिथे दगडफेक आणि लाठीमार झाला. नारेगावला कचरा टाकायला उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही मनाई केली. मग चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी अशा चार ठिकाणी प्रक्रिया करायचं ठरलं. त्यातलं कांचनवाडीचं केंद्र दिवसाला 30 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्यासाठी.

साडेचारशेत तीस. टाकीचा आकार हा भाग झालाच, पण खरी अडचण त्याआधी, आपल्या ओट्यापाशी असते. गॅसच्या टाकीतल्या जिवाणूंना भाकरी चालते, भाजीची देठं चालतात. नारळाची करवंटी महिनोन्‌महिने तशीच राहते आणि कॅरीबॅगचा पिळा पंपात अडकतो. आमच्या गल्लीत घंटागाडी आली की ओल्या आणि सुक्याचे दोन वेगळे कप्पे दिसतात. तरी बहुतेकजण घरातली एकच पिशवी गाठ मारून, ज्या बाजूला हात पोचेल तिकडे भिरकावतात.