मिशन शाळा कोणाच्या? परदेशी पैसा आणि इथला कारभार

परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर 2020 मध्ये दुरुस्ती झाली आणि मिशन शाळांचा विषय पुन्हा चर्चेत आला. ही चर्चा बहुतेक वेळा धर्मांतराभोवतीच फिरते. शाळेच्या कार्यालयात बसणाऱ्यांना मात्र वेगळेच प्रश्न सतावत असतात. देणगी कोणत्या खात्यात घ्यायची, लिपिकाचा पगार कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा, मुख्याध्यापकाच्या नेमणुकीचा ठराव कोणाच्या सहीने करायचा, जमिनीच्या उताऱ्यावर नाव कोणाचे. या सगळ्यांच्या मुळाशी एकच जुना प्रश्न आहे: ही शाळा कोणाची? पैसे पाठवणाऱ्यांची, चालवणाऱ्यांची, की शिकणाऱ्यांची? दोनशे वर्षांत त्याची उत्तरे अनेकदा बदलली आणि प्रत्येक बदलाचा भार शाळेच्या दप्तरावर पडला.

सुरुवातीच्या काळात निर्णय पार समुद्रापलीकडे होत. बोस्टनच्या एका अमेरिकन मिशन मंडळाने 1815 साली मुंबईत शाळा सुरू केली, तेव्हा शिडाच्या जहाजाने पत्र जायला चार-चार महिने लागत आणि उत्तर यायला तेवढेच. मास्तरांचा पगार वाढवायचा तर वर्ष जाई. अमेरिकेत 1837 साली आर्थिक अरिष्ट आले आणि बोस्टनहून येणारी रक्कम कापली गेली. श्रीलंकेतल्या जाफन्यात हजारो मुलांच्या शाळा बंद पडल्या, त्या तिथल्या पालकांचा काहीही दोष नसताना. स्कॉटलंडमध्ये 1843 साली चर्चमध्ये फूट पडली. मुंबई आणि कोलकात्याचे मिशनरी फुटीर गटाच्या बाजूने गेले, पण इमारती मूळ चर्चच्या नावावर होत्या, त्या त्यांना सोडाव्या लागल्या. मास्तर तेच, मुले तीच, फक्त वर्ग भाड्याच्या जागेत.

त्याच 1843 साली मुंबईत एका अल्पवयीन ब्राह्मण मुलाचे प्रकरण न्यायालयात गेले. तो मिशनच्या आश्रयाला राहत होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला. पुढे त्याला जातीत परत घेण्यावरून शहरात मोठे वादळ उठले. शाळेच्या कारभाराच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट वयाची. मुलाचे वय किती, त्याचा पालक कोण, ही नोंद आता केवळ हजेरीपुरती उरली नाही, न्यायालयातला पुरावा झाली.

मग आले 1854. जुलैत लंडनहून शिक्षणाचा खलिता निघाला आणि खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली. सरकारी तपासनीस फक्त लौकिक विषय तपासणार, धर्मशिक्षणाकडे पाहणार नाही, अशी ती तडजोड होती. त्याच वर्षअखेरीस बोस्टनच्या मंडळाचे दोन प्रतिनिधी मुंबईत उतरले. मिशनचे काम देशी भाषांतून चालावे आणि इंग्रजी शाळांवरचा खर्च आवरावा, असा त्यांचा आग्रह होता. मुंबई आणि अहमदनगरकडच्या इंग्रजी वर्गांना कात्री लागली. जाफन्यातल्या वड्डुकोड्डै येथील 1823 पासून चालत आलेली नामांकित संस्था 1855 साली बंद झाली. पुढे दोन-तीन वर्षांतच मद्रास विद्यापीठाच्या पहिल्या पदवी परीक्षेत जे दोघे उत्तीर्ण झाले, ते दोघेही याच संस्थेतून शिकून गेलेले होते. या निर्णयांवरून अमेरिकेत इतका गदारोळ झाला की 1856 साली आल्बनीला मंडळाची खास सभा भरवावी लागली. शेवटी मंडळाने प्रतिनिधींची बाजू मोठ्या प्रमाणात उचलून धरली. देशी भाषांचा आग्रह तत्त्वतः योग्यच होता. पण तो ज्यांच्या मुलांवर लादला त्यांचे मत सभेत मांडायला कोणी नव्हते, ही गोष्ट आजही खटकते. जाफन्यातल्या लोकांनी पुढे मागणी लावून धरली आणि 1872 च्या सुमारास तिथे पुन्हा महाविद्यालय उभे राहिले.

पहिल्या महायुद्धाने आणखी एक कमजोरी उघडी पाडली. मंगळूर-मलबार आणि छोटा नागपूर इथले जर्मन मिशनरी एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अनेकांना अहमदनगरच्या छावणीत ठेवले, मग बोटीने मायदेशी पाठवले. शाळा शेजारच्या मिशनांकडे आणि देशी पाळकांकडे गेल्या. छोटा नागपूरच्या चर्चने 1919 साली स्वायत्तता जाहीर केली ती अशा परिस्थितीत. युद्धानंतर ब्रिटिशेतर मिशनांकडून सरकारशी निष्ठेची आणि राजकारणापासून दूर राहण्याची लेखी हमी घेतली जाऊ लागली. मदुरेकडच्या एका अमेरिकन मिशनऱ्याला 1930 साली देश सोडावा लागला, कारण गांधीजींच्या एका इंग्रज सहकाऱ्याला त्याने घरी ठेवून घेतले. त्या हमीमुळे संस्थेचे अनुदान आणि कर्मचाऱ्यांचे परवाने एका माणसाच्या पाहुणचारावर अवलंबून राहिले.

स्वातंत्र्यानंतर या शाळांच्या कारभाराचा सगळा साचाच बदलला. राज्यघटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. कलम 28 ने अनुदानित शाळेत धर्मशिक्षणासाठी संमती बंधनकारक केली, अल्पवयीन असेल तर पालकाची. परदेशी मिशनऱ्यांना नव्याने प्रवेश देताना 1955 पासून विशेष पात्रतेची अट आली. त्यामुळे मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर भारतीय माणूस बसणे, जे कित्येक मिशनांनी दशकानुदशके पुढे ढकलले होते, ते भराभर घडले. जमिनी आणि इमारतींची खरेदीखते परदेशी मंडळांच्या नावे होती. ती भारतात नोंदवलेल्या न्यासांकडे आणि कंपन्यांकडे सोपवण्याचे काम पुढची वीस-पंचवीस वर्षे चालले. मुखत्यारपत्र दिलेला मिशनरी निवृत्त होऊन मायदेशी गेला आणि नवे पत्र यायच्या आत मुदत संपली, असे घडले की नुसती कुंपणाची भिंत बांधायलाही परवानगी अडकून राही. जून 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसातवर गेला, तेव्हा परदेशातून येणारी तीच रक्कम इथे दीडपट भरली. अंदाजपत्रके वरवर सुधारली. ही वाढ संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नातून आलेली नव्हती, याचा विचार फार थोड्या ठिकाणी झाला.

सरकारचा दबावही याच काळात वाढला. मुंबई राज्याने 1955 साली खासगी अध्यापक विद्यालयांना 80 टक्के जागा सरकारने पाठवलेल्या उमेदवारांसाठी राखण्याचा आदेश दिला. गुजरातेतल्या बोरसदच्या एका चर्चप्रणीत अध्यापक विद्यालयाने तो मानायला नकार दिला आणि 1963 साली सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले. नियमन चालेल, पण ते संस्थेच्या भल्यासाठी असले पाहिजे आणि हक्काला पोखरणारे नसले पाहिजे, हा दंडक तिथे पक्का झाला.

पण या सगळ्यात कळीचे प्रकरण भागलपूरचे, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. बिहारमधल्या या शहरात लंडनच्या एका मिशन संस्थेच्या मदतीने 1854 साली शाळा निघाली होती. राज्य सरकारने 1960 च्या दशकात तिच्या व्यवस्थापन समितीत हात घातला आणि समिती नव्याने बसवण्याचा आदेश काढला. शाळेने कलम 30 पुढे केले. सरकारचे म्हणणे असे की हक्क स्थापणाऱ्याला आहे, शाळा स्थापली लंडनच्या लोकांनी, ते भारतीय नागरिक नव्हेत, मग भारतीय अल्पसंख्याकांची शाळा म्हणून हिला संरक्षण कसले? पाटणा उच्च न्यायालयाला हे पटले. त्याआधी, 1967 साली, अलीगढच्या विद्यापीठाबाबत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की ज्यांनी स्थापले त्यांनाच चालवण्याचा हक्क. तो निकाल अशा वेळी आला की मिशन शाळांच्या पायाखालची जमीनच सरकावी.

सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. न्यायालयाने दाखवून दिले की 1854 साली आजच्या अर्थाने भारतीय नागरिकत्व कोणाकडेच नव्हते, ना साहेबाकडे ना स्थानिकाकडे. कलम 30 मध्ये नागरिक असा शब्दच नाही. भारतात राहणारा, ओळखता येईल असा अल्पसंख्याक समूह असला की पुरे. भागलपूरच्या स्थानिक ख्रिस्ती रहिवाशांनी शाळा उभारण्यात पुढाकार घेतला होता. पैशाचा काही भाग परदेशातून आला, एवढ्याने ती परदेशी ठरत नाही. परदेशात राहून इथे शाळा काढणाऱ्याला मात्र या कलमाचा आसरा नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

हा निकाल योग्य होता, आणि त्याने शेकडो शाळा वाचवल्या असे मला ठामपणे वाटते. परदेशातून मदत घेतली म्हणून स्थानिकांचा घाम पुसून टाकायचा, हा युक्तिवाद अन्यायाचाच होता. पण निकालाने एक जड काम शाळांच्या गळ्यात बांधले: स्थापनेत स्थानिकांचा वाटा होता, हे कागदावर सिद्ध करा. ते कागद कुठे आहेत? अमेरिकन मंडळाची पत्रे हार्वर्डच्या ग्रंथालयात, एका मोठ्या इंग्लिश मिशनची दप्तरे बर्मिंगहॅमला, स्कॉटिश मिशनची एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. मिशनरी मायदेशी पाठवत तो अहवाल स्वाभाविकच त्यांच्या स्वतःच्या कामाचा असे. ज्या पाटलाने जागा दिली, ज्या देशी मास्तराने आठ महिने पगाराविना वर्ग चालवले, ज्या विधवेने धान्य घातले, त्यांची नावे त्या अहवालात आली तर एखाद्या ओळीत. इतिवृत्ताची वही गावातच राहिलेली असेल तर ती बहुधा वाळवीने खाल्लेली.

अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र देण्यासाठी 2004 साली राष्ट्रीय आयोग आला, तेव्हा हा शोध नव्याने करावा लागला. अलीगढच्या 1967 च्या निकालातला मुख्य मुद्दा 8 नोव्हेंबर 2024 रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने मोडीत काढला. संस्थेची कल्पना कोणाची, पैसा आणि जमीन कोणाची, ती कोणासाठी काढली, हे मुळापासून पाहा, असे बहुमताने सांगितले. कसोटी उदार झाली. पुराव्याची गरज मात्र तशीच राहिली.

महाराष्ट्रात याच्या जोडीला खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा 1977 चा कायदा आहे. अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक आणि आणखी जास्तीत जास्त तीन कर्मचारी यांच्या भरतीपुरती या कायद्यातून सूट आहे, पण ती नावे संचालकांना कळवावी लागतात. कागदावर ही सोय साधी दिसते. प्रत्यक्षात ज्येष्ठ शिक्षकाला डावलून संस्थेने दुसऱ्याला मुख्याध्यापक केले की प्रकरण शाळा न्यायाधिकरणात जाते, नेमणुकीला शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता लटकते आणि पगारबिलावर सही कोणाची हा पेच पडतो. संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येनुसार सरकार पदे ठरवते त्यात, पद कमी झाले की अतिरिक्त शिक्षकाचा प्रश्न वेगळाच. वेतनेतर अनुदान तुटपुंजे, तेही वेळेवर नाही. छपराचे पत्रे, मुलींची स्वच्छतागृहे, वसतिगृहाचा शिधा यांसाठी संस्था परदेशी मदतीकडे वळते ती याचमुळे.

इतर देशांत गोष्टी याहून कडवट झाल्या. जपानने 1899 साली मान्यताप्राप्त शाळांत धर्मशिक्षण बंद केले. चीनने 1925 नंतर नोंदणीसाठी चिनी प्रमुखाची अट घातली. श्रीलंकेने 1960-61 मध्ये अनुदानित चर्च शाळा ताब्यात घेतल्या, पाकिस्तानने 1972 साली राष्ट्रीयीकरण केले, आणि त्यातल्या काही संस्था चर्चला परत मिळायला तीस वर्षे लागली.

आपल्याकडे राष्ट्रीयीकरण झाले नाही, पण जमिनीने आतून फाटाफूट केली. सहा चर्च 1970 साली नागपुरात एकत्र आले. ऐक्य झाले म्हणजे जुन्या न्यासांची मालमत्ताही नव्या चर्चची झाली, असे गृहीत धरून कारभार सुरू झाला. गुजरातेतल्या एका जुन्या अमेरिकन मिशनच्या चर्चमधून वाद उठला आणि 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ते गृहीतक फेटाळले. सार्वजनिक न्यास 1950 च्या कायद्याखाली नोंदलेला असेल तर नुसत्या ठरावाने मालमत्ता सरकत नाही. ज्या शाळांचे चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचे अर्ज) धर्मादाय आयुक्तांकडे वर्षानुवर्षे पडून आहेत, त्यांच्या विश्वस्तांच्या सहीला बँकेतही किंमत उरत नाही. मधल्या काळात मोक्याच्या जागा कवडीमोलाने विकल्या गेल्या, आणि तो दोष परदेशी मंडळांवर ढकलता येणार नाही.

परदेशी देणग्यांचा कायदा आणीबाणीत, 1976 साली आला. 2010 च्या नव्या कायद्याने नोंदणीला पाच वर्षांची मुदत लावली. 2020 च्या दुरुस्तीने नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खाते सक्तीचे केले, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी रक्कम देणे पूर्ण थांबवले. शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत, ही नियमांतली जुनी सवलत. लेखनिक आणि हिशेबनीस मात्र त्या 20 टक्क्यांत बसवावे लागतात, आणि नेमके त्यांच्याच टेबलावर कागद दुप्पट झाले आहेत.

सगळ्यात मोठा फटका बसला तो वाटपाच्या जुन्या पद्धतीला. शहरातला मध्यवर्ती न्यास देणगी घेई आणि खेड्यातल्या आठ-दहा शाळा-वसतिगृहांना तसलमात, म्हणजे खर्चासाठी आगाऊ रक्कम, देई. ती शाळा वेगळा न्यास म्हणून नोंदलेली असेल तर हे आता बेकायदा आहे. स्वतंत्र नोंदणी करायची तर आधीच्या तीन वर्षांत उद्दिष्टांवर किमान 15 लाख रुपये खर्च केलेले हवेत. तीस-चाळीस मुलांचे वसतिगृह चालवणाऱ्या लहान न्यासाला हा आकडा गाठणे अवघड. मग एकच मार्ग उरतो, मध्यवर्ती न्यासात विलीन होण्याचा. त्यासाठी धर्मादाय आयुक्तांनी एकत्रीकरणाची योजना मंजूर करावी लागते, आणि योजनेच्या अर्जासोबत विश्वस्तांची अद्ययावत नोंद आणि जमिनीची कागदपत्रे लागतात. ज्यांचे चेंज रिपोर्ट 1980 च्या दशकापासून प्रलंबित आहेत, त्यांचा अर्ज पहिल्याच तपासणीत परत येतो.