झूम नाही, लेन्स निघत नाही, तरी लाखाच्या घरात: खिशातल्या मोठ्या सेन्सरची पार्श्वभूमी

गेली काही वर्षं पुण्यात फोटो काढणाऱ्या पोरापोरींच्या तोंडी दोनच नावं आहेत, फुजीचा एक्स१०० आणि रिकोचा जीआर. आणि दर वेळी घरचे नाहीतर मित्र एकच विचारतात, अरे एवढे पैसे घालून झूम नाही, लेन्स बदलता येत नाही, मग घ्यायचा कशाला, तेवढ्यात मोठा कॅमेरा दोन लेन्ससकट येतो की. प्रश्न रास्त आहे. पण मोठा सेन्सर (फिल्मच्या जागी फोटो टिपणारी आतली चिप) खिशात मावतो तोच मुळात लेन्स फिक्स असल्यामुळे, आणि हे नीट कळायचं तर बरंच मागं जावं लागतं.

सुरुवात १९२५ पासून धरायला हरकत नाही. जर्मनीतल्या लायका कॅमेऱ्याचा जनक ऑस्कर बार्नाकने सिनेमाची ३५ मिमी फिल्म घेतली (हीच फिल्म पुढे प्रभातच्या स्टुडिओत, म्हणजे आज लॉ कॉलेज रोडला एफटीआयआय आहे तिथे, रात्रंदिवस फिरली), ती कॅमेऱ्यात आडवी चालवली आणि ३६ बाय २४ मिमीची फ्रेम मिळवली, आज आपण ज्याला फुल फ्रेम म्हणतो ते माप हेच. त्या पहिल्या लायकाची लेन्स निघायची नाही, काम झालं की आत ढकलून द्यायची आणि कॅमेरा कोटाच्या खिशात. लेन्स बदलायची सोय १९३० ला आली, म्हणजे खिशातला फिक्स लेन्सवाला आधीचा, सिस्टीम कॅमेरा नंतरचा.

पुढे १९६६ ला रोलाय ३५ आला, १९७९ ला ऑलिंपसचे डिझायनर माइतानींनी डिझाइन केलेला ऑलिंपस एक्सए, त्याचं सरकतं झाकण उघडलं की कॅमेरा तयार, मग १९९० ला काँटॅक्स टी२ आणि १९९६ ला रिको जीआर१, २८ मिमीच्या लेन्सचा (हा आकडा जितका लहान तितकं जास्त दृश्य फोटोत मावतं). जीआर१ ची लेन्स लोकांना एवढी आवडली की रिकोने तीच लेन्स लायकाच्या स्क्रू माउंटमध्ये (आटे फिरवून लेन्स बसवायची जोडणी) वेगळी काढून विकली. आणि फिल्मच्या जमान्यातली एक गोष्ट आज विसरायला होते, ती म्हणजे स्वस्तातल्या स्वस्त ३५ मिमी कॅमेऱ्यालाही फ्रेम तीच ३६ बाय २४ मिळायची, महागड्यालाही तीच. फरक पडायचा तो लेन्समुळे.

आपल्याकडे तर त्याहून मोठं होतं. आग्फा क्लिक थ्री कितीतरी मराठी घरांत होता, १२० चा रोल घालायचा, १२ फोटो निघायचे आणि निगेटिव्ह ६ बाय ६ सेंटिमीटरचं, म्हणजे फुल फ्रेमच्या साडेतीन पटीहून मोठं. लेन्स साधीच, फिक्स, तरी त्या निगेटिव्हवरून नुसती काँटॅक्ट प्रिंट (निगेटिव्हच्याच मापाची) काढली तरी आजीआजोबांचे चेहरे स्पष्ट दिसतात. पुण्यातल्या जुन्या वाड्यांमधल्या ट्रंका उघडल्या तर असे पांढरी कडा असलेले चौकोनी फोटो हमखास सापडतील, आणि ते जपून ठेवा, स्कॅन करून घ्या.

मग डिजिटल आलं आणि सगळं गणितच बदललं. सिलिकॉनच्या एका चकतीतून सेन्सर कापून काढतात, तुकडा जितका मोठा तितके एका चकतीतून कमी निघतात आणि त्यात एखादा दोष येऊन अख्खा तुकडा वाया जायची शक्यताही तितकीच वाढते, त्यामुळे क्षेत्रफळ दुप्पट केलं तर खर्च दुपटीहून जास्त होतो. दुसरी अडचण उजेडाची. फिल्मवर उजेड तिरका पडला तरी तिला फारसं काही वाटत नाही, म्हणून पातळ बॉडीत लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसवता यायची, पण सेन्सरच्या पिक्सेलवर तिरका उजेड पडला की कडेला अंधार येतो आणि रंग बिघडतात. शिवाय गिऱ्हाइकाला हवा होता झूम, आणि मोठ्या सेन्सरला झूम लावायचा म्हणजे लेन्सचं डबडं होणार. म्हणून मग खिशातल्या कॅमेऱ्यात ६ बाय साडेचार मिमीचा, करंगळीच्या नखापेक्षाही लहान सेन्सर आला आणि वर मेगापिक्सेलची जाहिरात. २००५ ला रिकोने जीआर डिजिटल काढला तो हाताळायला इतका छान होता, पण आत सेन्सर छोटाच.

ही कोंडी फोडली सिग्माने, आणि त्यांचं कौतुक आपल्याकडे फार कमी होतं. २००६ च्या फोटोकिनाला, म्हणजे जर्मनीतल्या कॅमेऱ्यांच्या मोठ्या प्रदर्शनात, डीपी१ जाहीर केला, बाजारात यायला २००८ उजाडलं. आत २०.७ बाय १३.८ मिमीचा फोव्हिऑन सेन्सर, तीन थरांचा, प्रत्येक जागी तिन्ही रंग वाचणारा, आणि २८ मिमीसारखी दिसणारी एफ/४ लेन्स (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं तोंड लहान). हळू इतका की एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो) कार्डवर लिहायला काही सेकंद जायचे, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८०० च्या वर जायचाच नाही, पण चांगल्या उजेडात पानांचं, दगडाचं जे बारीक काम त्यातून यायचं ते बघून लोक थक्क झाले. खिशात मोठा सेन्सर बसतो हे सिद्ध झालं.

त्यानंतर भराभर झालं. २००९ ला लायका एक्स१, २०१० ला फुजीने एक्स१०० दाखवला, २०११ ला तो बाजारात आला आणि मार्चमधल्या जपानच्या भूकंपाने त्याचं उत्पादनच थांबलं. सुरुवातीला त्याचा फोकस मंद होता, फुजीने मात्र २०१३ पर्यंत नवं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, देऊन तोच जुना कॅमेरा सुधारून दिला, आणि माझ्या मते फुजीवर लोकांचा जीव जडला तो त्यामुळेच. २०१२ ला सोनीने आरएक्स१ मध्ये थेट फुल फ्रेम घातला. त्याच वर्षी कॅननने जी१एक्स मध्ये मोठ्या सेन्सरला झूम लावून पाहिला, वजन अर्ध्या किलोच्या वर गेलं, आणि पुढच्या वर्षी आलेल्या एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान, पण तरी मोठ्या सेन्सरचं माप) जीआरचं वजन २४५ ग्रॅम. सेन्सर जीआरचाच मोठा बरं का. फिक्स लेन्सने काय साधतं हे या दोन आकड्यांत दिसतं.

हे सगळं याच वेळी का झालं, तर फोनमुळे. २०१० साली जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे दुकानांत गेले, २०२३ ला तोच आकडा ८० लाखांच्या खाली. छोट्या सेन्सरचे कॅमेरे फोनने गिळून टाकले, मग फोनला जे जमत नाही तेच विकायचं उरलं. एपीएस-सी सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण ३७० चौरस मिमी आहे, चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरच्या चार-पाच पट, आणि फोन जिथे सॉफ्टवेअरने चेहरा गुळगुळीत करून टाकतो तिथे हा कॅमेरा कातडी कातडीसारखी ठेवतो.

आता पुण्यात याचा उपयोग काय. पालखी शहरात येते त्या दिवशी बघा, नाना पेठेत, भवानी पेठेत पाय ठेवायला जागा नसते, समोरचा वारकरी हातभर अंतरावर, ऑटोफोकस शोधत बसला की क्षण गेला. जीआरमध्ये स्नॅप फोकस (आधीच ठरवून ठेवलेल्या अंतराचा फोकस) २ मीटरवर ठेवायचा, एफ/८ लावायचं, मग साधारण १ मीटरपासून पुढे तीसेक मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं, शटर एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधतच नाही, लगेच टिपतो. एका हातात मावतो, दुसऱ्या हाताने माउलींना नमस्कार करता येतो, आणि समोरच्याच्या तोंडावर मोठं भिंग रोखल्यासारखं होत नाही.

विसर्जनाचं वेगळं. लक्ष्मी रोडवर भर दुपारी ढोलपथक चाललेलं असतं, ऊन डोक्यावर, फेट्याखाली चेहरे काळे. मोठ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश सेकंदाच्या दोनशेव्या-अडीचशेव्या भागाच्या पुढे साध्या पद्धतीने जुळत नाही, एक्स१०० चं शटर लेन्सच्या आतच असल्यामुळे तो हजाराव्या भागालाही जुळतो, छोटासा फ्लॅश मारला की चेहरा उजळतो आणि आभाळही राहतं. हे लीफ शटर जीआरमध्येही आहे, पण जीआर ३ पासून अंगचा फ्लॅश काढून टाकला, आणि मला ते आजही पटलेलं नाही.

दोषही आहेत. जीआरची लेन्स आत-बाहेर होते, तिच्यासोबत धूळ आत जाते, लेन्स निघत नाही त्यामुळे सेन्सर घरी पुसता येत नाही, सर्व्हिसला द्यावा लागतो, आणि आपल्याकडे मेट्रोची, रस्त्यांची खोदाई, वर मिरवणुकीतला गुलाल, तेव्हा कॅमेरा झिपच्या पाऊचमध्येच ठेवा, गुलाल उडायला लागला की सरळ आत टाका. जीआर ३ ची बॅटरी कंपनीच्याच हिशोबाने २०० फोटोंची, दोन जास्तीच्या लागतातच. पावसाला सीलिंग नाही. आणि ज्याला लग्नं करायचीत, गच्चीवरून मिरवणूक टिपायचीय, मुलीचं गॅदरिंग मागच्या रांगेतून काढायचंय त्याने या वाटेला जाऊच नये, त्याला झूमच हवा.

एक्स१००व्ही २०२२ च्या सुमारास टिकटॉकवरून एवढा गाजला की दुकानांतून गायबच झाला, २०२४ ला ४० मेगापिक्सेलचा एक्स१००व्हीआय आला त्याच्याही रांगा लागल्या, २०२५ ला जीआर ४ आला. पेठांमधल्या अरुंद गल्ल्या, वाड्याचे चौक, मंडईतली गर्दी यासाठी २८ मिमीचा जीआरच बरा पडतो, मागं सरकायला जागाच नसते. ज्याला व्ह्यूफाइंडरला डोळा लावल्याशिवाय फोटो काढल्यासारखं वाटत नाही त्याने ३५ मिमीचा एक्स१०० घ्यावा, तो जॅकेटच्या खिशात जातो, पँटच्या नाही. आणि माणसांचे जवळून फोटो जास्त काढणाऱ्यांसाठी २०२१ चा जीआर ३एक्स आहे, ४० मिमीसारखा दिसणारा, वापरलेला चांगल्या स्थितीत मिळाला तर एफ/११ ला पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून आधी धुळीचे डाग बघा आणि मगच पैसे द्या.