वरचं पाणी (बाळाला पाणी प्यायला शिकवणं)

वरचं पाणी म्हणजे दुधाशिवाय बाळाला वेगळं म्हणून जे साधं पाणी पाजतात ते. सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झालं, मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीचं सत्त्व असं वरचं खाणं सुरू झालं की त्याच्या जोडीनं हे सुरू होतं. बडोद्यातल्या मराठी घरांत, मग ते दांडिया बाजारातलं जुनं घर असो की नव्या सोसायटीतला फ्लॅट, यावरून दोन पिढ्यांमध्ये हमखास वाजतं. आजी म्हणते पाणी पाज, डॉक्टर म्हणतात थांबा, आणि सहा महिने झाले की डॉक्टर म्हणतात आता पाजा, तर बाळच तोंड फिरवतं.

आधी थांबण्याबद्दल. आईच्या दुधात सुमारे ८७-८८ टक्के पाणीच असतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वर पाण्याचा थेंबही नको, उन्हाळ्यातसुद्धा नको. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो, पंखासुद्धा गरम हवा फेकत असतो, अशा वेळी तीन महिन्यांच्या बाळाकडे बघून "घसा सुकला असेल गं त्याचा" असं घरातलं कोणीतरी म्हणणारच. त्यावर उपाय एवढाच की बाळाला जास्त वेळा अंगावर घ्यायचं आणि पाण्याचं भांडं बाळाच्या नाही, आईच्या हाताशी ठेवायचं. एवढ्याशा पोटात पाणी गेलं की तेवढं दूध कमी जातं, शिवाय लहान बाळाची मूत्रपिंडं अजून कच्ची असतात, पाणी जास्त झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं, बाळ सुस्त होतं, फिट्ससुद्धा येऊ शकतात. पावडरचं दूध "जरा पातळ करू, उन्हाळा आहे" म्हणून जास्त पाण्यात कालवणं हा तोच धोका, फक्त कोणाच्या लक्षात येत नाही. सहाणेवर वळसे देऊन पाण्यात उगाळलेली बाळगुटीही याच हिशोबात धरायची (हे आजीला सांगायचं काम मात्र ज्याचं त्यानं बघावं).

उष्टावणाचा मुहूर्त परंपरेनं मुलाचा सहाव्या-आठव्या अशा सम महिन्यात आणि मुलीचा पाचव्या-सातव्या अशा विषम महिन्यात काढतात. मुलीचं पाचव्यात केलं तर खीर ओठाला लावण्यापुरतीच ठेवावी, खरं खाणं आणि पाणी सहा महिन्यांनंतरच.

किती पाजायचं याचा लोक उगाच ताण घेतात. ६ ते १२ महिन्यांच्या बाळासाठी अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ दिवसाला साधारण १२० ते २४० मिली एवढंच धरतात, म्हणजे दिवसभरात मिळून एखाद-दुसरं फुलपात्र, आणि सुरुवातीला तर घासांच्या मधे दोन-तीन घोट गेले तरी खूप झालं. या वयात मुख्य पेय दूधच. पाणी खरं तर सवयीसाठी असतं, आणि घट्ट खाणं सुरू झालं की शी कडक होते तिथे त्याची थोडी मदत होते. जेवणाच्या आधी पोटभर पाणी पाजलं तर बाळ जेवत नाही, मग "खातच नाही हो" म्हणून सगळे हैराण.

बाळ पाणी का नाकारतं? एक तर चव नाही. सहा महिने गोडसर कोमट दूध प्यायलेल्याला हे काय नवीन असंच वाटतं, त्यात उकळून गार केलेलं पाणी आणखीच सपक लागतं, ते दोन भांड्यांत वरून खाली दोन-चारदा ओतलं की हवा मिसळून जरा बरं लागतं. दुसरं म्हणजे पद्धतच वेगळी. आतापर्यंत त्यानं ओढून प्यायलंय, आता ओठ कडेला टेकवून घोट घ्यायचाय, हे त्याला शिकावं लागतं. बाळाला मांडीत सरळ बसवायचं, आडवं अजिबात नाही, छोटं स्टीलचं फुलपात्र पाव भरायचं, कड खालच्या ओठावर टेकवायची आणि पाणी ओठाला लागेल एवढंच कलतं करून थांबायचं. ओतायचं नाही. बाळ आधी कड चावतं, मग जीभ बाहेर काढतं, अर्धं पाणी हनुवटीवरून लाळेऱ्यावर, उरलेलं तुमच्या मांडीवर, एखादा ठसका, आणि त्यातनं एक खराखुरा घोट जातो, तो गेल्याचं बाळाच्या तोंडावरच दिसतं. तेवढ्यावर त्या दिवशी थांबलं तरी चालतं. नाक दाबून, हात धरून पाजलं तर पुढचे आठ दिवस भांडं दिसताच मान फिरते.

पूर्वी घरोघरी बोंडलं असायचं, चोच असलेलं छोटं पितळी नाहीतर चांदीचं भांडं, आणि मामाकडून चांदीची वाटी-चमचा येतोच. वाटी-चमचा आजही उत्तम, धुवायला सोपा. दुधाची बाटली मात्र पाण्यासाठी नको, बूच-निपलच्या खाचांत घाण राहते. आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बाटल्यांच्या जाहिरातीलाच बंदी आहे. मंगळ बाजारात रंगीत सिपर ढिगानं मिळतात, पण ज्याच्यातून पाणी सांडत नाही त्याच्यात व्हॉल्व्ह असतो, म्हणजे बाळ पुन्हा ओढूनच पितं. प्रवासाला ठीक, शिकवायला उघडं भांडंच बरं.

सगळ्यात जास्त चालणारी युक्ती फुकटची आहे. बाळाला सगळ्यांच्या पंगतीत बसवायचं आणि त्याच्यासमोर आपण पाणी प्यायचं, तसल्याच भांड्यातून. बाबांच्या हातातलं भांडं ओढून घेणारं पोरगं स्वतःच्या नव्या कपाकडे बघतही नाही, हे ज्यांच्या घरी झालंय त्यांना माहीत आहे. साखर, ग्लुकोज पावडर, ज्यूस घालून पाणी गोड करू नये, मध तर वर्षाच्या आत बोटाला लावूनही नाही, त्यातून बोटुलिझम (जंतूंच्या विषानं स्नायू लुळे पाडणारा आजार) होऊ शकतो. चहात बुडवलेलं बिस्किटही नको, चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

बडोद्याचं पाणी येतं सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवरातून आणि मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींमधून (वाळूखालचं पाणी आडव्या नळ्यांनी ओढणाऱ्या विहिरी). नळाचं असो की आरओचं, बाळासाठी खळखळ उकळी एक मिनिट आणून झाकून गार करावं. माठातलं द्यायचं तर उकळलेलं पाणी वेगळ्या छोट्या माठात, आणि हात घालून नाही, ओगराळ्यानं काढायचं.

लघवी सहा-आठ तास नाही, टाळू खोल गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, बाळ मलूल, असं असेल तर पाणी पाजत बसू नये, डॉक्टर गाठावा. जुलाबात साधं पाणी पुरत नाही, ओआरएस (पाण्यात कालवायची मीठ-साखरेची पुडी) लागतं. एक लिटरची पुडी पूर्ण एका लिटरमध्येच, कपभर पाण्यात अख्खी पुडी घालणं धोक्याचं आहे. दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्यानं.

शब्दाचं एक राहिलं. गुजराती बोबड्या बोलीत पाण्याला "भू" म्हणतात आणि शेजारच्या काकींकडून तो शब्द इथल्या मराठी पोरांच्या तोंडी सहज येतो. पुण्याहून आलेल्या आजीला भू म्हणजे भुर्र वाटतं. पोरगं दारात "भू, भू" करत बसलेलं, आजीनं त्याला टोपरं घातलं, स्वतः चपला घातल्या, जिना उतरून कमाटीबागेला (इथली मोठी बाग) जायला रिक्षेत बसवलं तरी ते रडतंच होतं, शेवटी रिक्षावाल्यानंच स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली.