होडीच्या सीटमधलं तेल जातं कुठे?

शाळेतली कंपासपेटी आठवते? मे महिनाभर दप्तर माळ्यावर पडलेलं असायचं. जूनमध्ये पेटी उघडावी तर पांढरं खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला घट्ट चिकटलेलं. ओढून काढलं की पट्टीवर खोडरबराच्या मापाचा खळगा आणि पाच ते आठ सेंटिमीटरमधले आकडे गायब. आम्ही त्याचं खापर उन्हाळ्यावर फोडायचो आणि नवी पट्टी मागायचो. हा प्रकार नेमका काय होता ते मला कळलं पुष्कळ वर्षांनी, देवबागला, एका होडीच्या फाटक्या सीटमुळे.

माझा मावसभाऊ तिथे पर्यटकांना कर्ली नदीच्या मुखापर्यंत आणि पुढे डॉल्फिन दाखवायला नेतो. होडीत रेक्झीनच्या चार पांढऱ्या सीट. चारही एकाच दिवशी, एकाच ताग्यातून शिवून घेतलेल्या. तीन वर्षांत पुढच्या दोन, ज्यांच्यावर छप्पर नाही, पिवळसर होऊन पापडासारख्या तडकल्या. मागच्या दोन छपराखाली होत्या. त्या मऊ राहिल्या, पण शिवणीच्या कडेने काळ्या ठिपक्यांनी भरल्या. “साबण लावलंय, घासलंय, तरी चार दिवसांन परत काळा येताच,” असं त्याचं गाऱ्हाणं. एकच कापड, एकच मालक, मग दुखणी दोन कशी?

आपण ज्याला सर्रास रेक्झीन म्हणतो ते मूळचं इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या एका कारखान्याच्या मालाचं नाव. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा थर देऊन ते नकली चामडं बनवलं जाई. नाव तेवढं टिकलं, माल बदलला. आज होडीत, रिक्षात, दवाखान्याच्या बाकड्यावर जे असतं ते व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसी. खाली पॉलिस्टरचं विणलेलं कापड, त्यावर पीव्हीसीचा जाड थर, आणि सगळ्यात वर केसाहून कितीतरी पातळ असा एक संरक्षक लेप. हा वरचा लेप लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

पीव्हीसी म्हटलं की खरं तर पाण्याचा पाइप आठवायला हवा. तोही पीव्हीसीच. हातोडीने फुटेल पण वाकणार नाही असा तो पाइप आणि मांडीखाली दबणारी सीट ही सख्खी भावंडं आहेत, हे पटायला जड जातं. १८७२ मध्ये जर्मनीत ऑइगेन बाउमान यांनी व्हिनाइल क्लोराइड वायू भरलेला चंबू उन्हात ठेवला आणि आत पांढरा घन पदार्थ जमला, पण त्या कडक, ठिसूळ पदार्थाचं करायचं काय हे पुढची पन्नासेक वर्षं कुणाला सुचलं नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन हे रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होते. त्यांनी पीव्हीसी सहजी न उडणाऱ्या तेलकट द्रवात तापवून पाहिलं. थंड झाल्यावर हाती आला लवचीक, जेलीसारखा गोळा. चिकटवायला तो निरुपयोगी निघाला, पण दाबला तर दबत होता, सोडला तर पुन्हा जागेवर येत होता.

त्या तेलकट द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात. आपण तेलच म्हणू. पीव्हीसीच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात. हे तेल त्यांच्यामध्ये शिरतं आणि त्यांना एकमेकींवरून सरकू देतं. मऊ सीटमध्ये ते थोडंथोडकं नसतं, पीव्हीसीच्या थरात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतं. कणकेतल्या मोहनासारखं ते नुसतं मिसळलेलं असतं, साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं. त्यामुळे संधी मिळाली की ते निघून जातं.

कंपासपेटीत हेच घडत होतं. पांढरं खोडरबर बहुधा मऊ पीव्हीसीचं आणि पट्टी पॉलिस्टायरीनची. खोडरबरातलं तेल शेजारच्या पट्टीत शिरायचं आणि तिला विरघळवायचं. उन्हाळा दोषी नव्हताच असं नाही. त्याने फक्त घाई केली. नव्या गाडीच्या काचेवर आतून जो धुरकट थर धरतो त्यातही सीट आणि डॅशबोर्डमधून उडून आलेलं हे तेल असतं.

होडीतून बाहेर पडायला त्याला वाटा बऱ्याच आहेत. उन्हात तापलेल्या सीटवरून ते हळूहळू उडतं. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पाऊस, लाटा आणि बादलीभर पाणी यांच्यापासून त्याला धोका नाही. पण तेलाला तेलाची ओढ. पर्यटक अंगाला सनस्क्रीन चोपडून येतात, डास पळवणाऱ्या काही मलमांत डीट नावाचं रसायन असतं. ही दोन्ही सीटला लागली की वरचा लेप मऊ पडतो आणि थर चिकट होतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं द्रावण हे तर थेट दरोडेखोर. डाग निघतो, त्याच्यासोबत तेल आणि लेपही निघतो. सीट त्या दिवशी लख्ख दिसते आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथेच तडकते.

आपल्याकडचा आणखी एक लाडका उपाय म्हणजे चमक यावी म्हणून खोबरेल किंवा रॉकेलचा हात फिरवणं. माझा भाऊही हेच करायचा. दोन दिवस सीट नव्यासारखी दिसते, त्यामुळे त्याला दोष देववत नाही. पण रॉकेल आतलं तेल बाहेर ओढतं. खोबरेल खवट होतं, धूळ धरतं आणि बुरशीची पंगत मांडून ठेवतं.

पिवळेपणाची गोष्ट वेगळी, आणि मला ती जास्त सुरस वाटते. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असतं, आणि ते क्लोरीन कारखान्यात मिठापासूनच काढतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी साखळीवरचा एखादा क्लोरीन सुटला की तो शेजारचा हायड्रोजन घेऊन हायड्रोक्लोरिक आम्ल बनून बाहेर पडतो. जागेवर उरतो कार्बनचा दुहेरी बंध. एक सुटला की शेजारचा सुटणं सोपं होतं, आणि बाहेर पडलेलं आम्ल ही पडझड आणखी वाढवतं. असे एकाआड एक दुहेरी बंध सातआठ झाले की तो तुकडा निळा प्रकाश शोषू लागतो आणि डोळ्यांना पिवळा दिसतो. गाजर केशरी दिसतं ते याच कारणाने. त्यातल्या बीटा कॅरोटीनमध्ये असे अकरा बंध ओळीने असतात. म्हणजे पिवळी पडलेली सीट मळलेली नसते, तिचा रेणूच बदललेला असतो. घासून ती पांढरी होणार नाही. कारखानदार हे लांबवायला बेरियम, झिंक, कॅल्शियमची संयुगं घालतात, पांढऱ्या सीटमधलं टायटॅनियम डायॉक्साइडही बरेच अतिनील किरण स्वतःवर घेतं. तरी कोकणात उन्हाळ्याच्या दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, आणि होडीवर सावलीला झाड नसतं.

आता मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठामुळे रेक्झीन कुजतं असा सार्वत्रिक समज आहे, पण पीव्हीसीला मीठ फारसं काही करत नाही. मिठाचा उपद्रव आडवाटेने होतो. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं ते आठवा. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढायला लागतं, आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या पुढेच. किनाऱ्यावर इतकी दमट हवा रोजचीच. म्हणजे ज्या सीटवर खारं पाणी वाळलं ती खऱ्या अर्थाने कधी वाळतच नाही. ती ओल शिवणीत बसते, खालच्या स्टेपलच्या पिना गंजवते. दिवसा मिठाचे खडे बनतात आणि त्यांच्यावर बसून माणसं सरकली की वरचा लेप घासला जातो.

ओल आली की बुरशी आलीच. गंमत अशी की पीव्हीसीच्या पाइपवर बुरशीला खायला काही नसतं. सीटमध्ये मात्र तेल असतं, आणि ऑरिओबॅसिडियम पुल्युलान्ससारख्या काळ्या बुरशीला ते पचतं. वर घामाचं, सनस्क्रीनचं, सांडलेल्या सोलकढीचं तोंडीलावणं. मागच्या सीट सावलीत होत्या म्हणून तडकल्या नाहीत आणि सावलीतच होत्या म्हणून काळ्या पडल्या. भावाच्या कोड्याचं उत्तर इतकं साधं होतं.

कधी सीटवर गुलाबी डाग उमटतात आणि कशानेही जात नाहीत. ते काम स्ट्रेप्टोमायसीसच्या कुळातल्या जिवाणूंचं. ते वरच्या बाजूला नसतात, खालच्या कापडात किंवा ओल्या फोममध्ये वाढतात. त्यांचा रंग प्लास्टिसायझरमध्ये विरघळतो आणि त्या तेलावाटे आतून वर झिरपतो. वरून घासणाऱ्याच्या हाती काय लागणार? याच कुळातले जिवाणू मातीत जिओस्मिन नावाचं रसायन बनवतात आणि पहिल्या पावसाला मृद्गंध देतात. एवढ्या एका उपकारासाठी मी त्यांचे गुलाबी डाग माफ करायला तयार आहे, पण होडी माझी नाही.

एवढं कळल्यावर धुण्याची रीत आपोआप ठरते. रोज संध्याकाळी होडी लागली की सीटवर गोडं पाणी, भरपूर. मिठाला पाण्याइतकं उत्तम औषध नाही आणि पाणी आतल्या तेलाला हात लावत नाही. समुद्रातच बादली बुडवून सीट धुणं म्हणजे मिठावर मीठ. आणि अंगाचा साबण खाऱ्या पाण्यात वापरला तर त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट पांढरा साका बनवतात, तो सीटच्या रेघोट्यांत जाऊन बसतो.

आठवड्यातून एकदा कोमट गोड्या पाण्यात भांड्याच्या द्रव साबणाचे चार थेंब. आम्ही मागची एक सीट अशी धुतली. फडक्याने फेस लावून पाच मिनिटं थांबलो, मग मऊ केसांच्या ब्रशने हलक्या हाताने गोल गोल घासलं. रेक्झीनवर चामड्यासारख्या बारीक सुरकुत्या उठवलेल्या असतात, मळ त्या खाचांत असतो आणि फडका वरून निघून जातो; ब्रशचे केस तेवढे खाली पोचतात. फेस करडा झाला, पाणी ओतलं, कोरड्या कापडाने टिपलं. निम्मे ठिपके तिथेच गेले. भावाने तोवर तारेची घासणी आणली होती, ती काढून घेतली. ज्याने पेनचेही डाग जातात अशी जाहिरात होते तो पांढरा जादूचा स्पंज मेलामाइनचा फेस असतो, म्हणजे अतिबारीक पॉलिशपेपरच. एखाद्या हट्टी डागावर एकदा ठीक, रोज नको. वरचा लेप गेला की आतल्या तेलाला दार उघडं मिळतं. पाण्याचा जोरदार फवारा मारणारं यंत्रही सीटपासून लांब ठेवावं. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत शिरतं आणि फोम ते दिवसेंदिवस सोडत नाही.

ब्लीचबद्दल स्पष्ट सांगायला हवं. त्याने बुरशीचा काळेपणा झटकन उडतो म्हणून तो लोकप्रिय आहे. पण तो लेपालाही खातो, नायलॉनचा दोरा असेल तर शिवणही कमकुवत करतो. वापरायचाच तर खूप पातळ करून, क्वचित, आणि लगेच गोड्या पाण्याने धुऊन. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये तो कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरसोबतही नको.

राहिलं संरक्षण. बाजारात पाण्यात कालवलेली, अतिनील किरण शोषणारी द्रव्यं असलेली लेपनं मिळतात. ती चालतात, पण लाटांनी आणि कपड्यांच्या घर्षणाने उतरतात, म्हणून पुन्हा पुन्हा लावावी लागतात. डाव्या कोपऱ्यात खाली आधी लावून बघावं. नुसतं सिलिकॉनचं चकचकीत तेल होडीत नकोच. निसरड्या सीटवरून वळणावर माणूस थेट पाण्यात. माझ्या मते यातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा सुती कॅनव्हासचं, हवा खेळणारं आच्छादन मोलाचं. निळी ताडपत्री घट्ट आवळून बांधली तर ऊन अडतं आणि ओल कोंडते. मे अखेर पर्यटनाच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, तेव्हा शक्य असेल तर सीट उचकटून घरात, भिंतीला उभ्या टेकवून ठेवाव्यात. सीटच्या बुडाच्या प्लायवूडला भोकं नसतील तर पाडून घ्यावीत, म्हणजे फोममधल्या ओलीला वाट मिळते.

नारळी पौर्णिमेच्या आधी पुढच्या दोन सीट नव्याने शिवायला काढल्या. शिंप्याने उलट्या करून पक्कडीने गंजक्या पिना उपटल्या, आणि खाली दुमडलेली चार बोटं रुंदीची रेक्झीनची पट्टी सुटी झाली. तिने तीन वर्षांत ऊन पाहिलं नव्हतं, तिच्यावर कुणी बसलं नव्हतं, रॉकेलचा फडका तिच्यापर्यंत पोचला नव्हता. मी ती वरच्या भागासकट कापून मागितली. वीतभर लांबीचा तुकडा माझ्या टेबलावर आहे. एका टोकाला पिवळा, वाकवला की कट्कन मोडणारा. दुसऱ्या टोकाला पांढराशुभ्र, बोटाभोवती गुंडाळता येतो.