ब्रिटनमध्ये इलेक्ट्रिक कारला ट्रेलर जोडण्याआधी: लायसन्स, कागदपत्रं आणि वजनाचा हिशेब

लायसन्सचा भाग आता सोपा आहे. १६ डिसेंबर २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कारचं, म्हणजे बी वर्गाचं लायसन्स असलेल्याला ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. वेगळी परीक्षा नाही, अर्जही नाही. फोटोकार्ड लायसन्सवर 'बीई', म्हणजे कार अधिक ट्रेलरचा वर्ग, दिसत नसलं तरी हरकत नाही. पुढच्या नूतनीकरणात डीव्हीएलए, म्हणजे लायसन्स देणारी सरकारी संस्था, ते आपोआप घालते. भारतातून तिकडे राहायला गेलेल्यांचं भारतीय लायसन्स मात्र १२ महिनेच चालतं आणि बदलूनही मिळत नाही. प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स), थिअरी, प्रॅक्टिकल सगळं नव्यानं करावं लागतं.

खरी अडचण गाडीची असते. ट्रेलर ओढण्याची मान्यता प्रत्येक मॉडेलला कारखान्यातूनच मिळालेली असावी लागते. त्या चाचणीत १२ टक्के चढावर पूर्ण भारासह ५ मिनिटांत ५ वेळा गाडी सुरू करून पुढे न्यावी लागते. शिवाय बॅटरीच्या वजनानं मागच्या ॲक्सलची वजन पेलण्याची मर्यादा आधीच बरीचशी संपलेली असते. म्हणून जुन्या निसान लीफला किंवा रेनॉ झोईला मान्यता नाही, टेस्ला मॉडेल वायला १,६०० किलोपर्यंत आहे, तर बीएमडब्ल्यू आयएक्सला २,५०० किलोपर्यंत.

विकत घेण्याआधी लॉगबुक (व्ही५सी), म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, उघडा. त्यात ओ.१ म्हणजे ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा आणि ओ.२ म्हणजे बिनब्रेकच्या ट्रेलरची. मग गाडीवरची व्हीआयएन पट्टी, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक आणि वजनं लिहिलेली पट्टी, वाचा. पहिली ओळ भरलेल्या गाडीचं कमाल वजन, दुसरी गाडी आणि ट्रेलर मिळून. समजा दुसरी ३,८०० आणि पहिली २,५०० आहे, तर गाडी पूर्ण भरलेली असताना ट्रेलरला १,३०० किलोच उरतात, लॉगबुकात जास्त लिहिलं असलं तरी. दुसरी ओळच नसेल तर ट्रेलर जोडू नये. इथेच बरेच जण फसतात: सायकल रॅकसाठी टोबार (गाडीच्या मागचा जोडदांडा) बसतो, म्हणून ट्रेलरही चालेल असं गृहीत धरलं जातं. टोबार बसणं म्हणजे मान्यता नव्हे.

टोबार टाइप-अप्रूव्ह्ड, म्हणजे त्या मॉडेलसाठी अधिकृत मान्यता असलेला, घ्या, बसवल्याची पावती जपा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. ७५० किलोवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आणि ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार) हवीच. ट्रेलरच्या मागे कारचाच नंबर लावायचा. देशातल्या देशात ट्रेलरची वेगळी नोंदणी लागत नाही. व्यवसायाचा ७५० किलोवरचा ट्रेलर फ्रान्सला न्यायचा असेल तर ती आधी करावी लागते.

ट्रेलरसह मोटरवेवर मर्यादा ताशी ६० मैल, आणि तीन किंवा जास्त लेन असतील तर सर्वांत उजवी लेन बंद. कॅराव्हॅन (राहण्याची सोय असलेला ट्रेलर) मागे असली की हवेच्या विरोधामुळे एका चार्जमधली रेंज जवळपास निम्मी होते. बरेच चार्जर एका गाडीपुरत्या जागेत असतात, तिथे ट्रेलर सोडूनच गाडी लावावी लागते. प्रवास आखतानाच आरपार जाता येईल अशा जागा असलेली चार्जिंग स्टेशनं शोधून ठेवा.