पोलादी सायकल वाकते, पण आडवी

‘स्टीलची फ्रेम मऊ चालते’ हे वाक्य सायकलवाल्यांच्या गप्पांत हमखास ऐकू येतं. पुढे-मागे सस्पेन्शन (धक्के शोषणारी यंत्रणा) असलेल्या माउंटन बाइकला ते लागू पडत नाही. उदाहरणार्थ, मागचा शॉक, म्हणजे धक्का शोषणारा भाग, 65 मिलिमीटर दबतो, त्याने चाक 150 मिलिमीटर वर उचललं जातं, शिवाय टायर चेपतो तो वेगळाच. या आकड्यांपुढे फ्रेम उभ्या दिशेने जी काही लवते, ती मोजायलाही कठीण. पोलादाचं काम दिसतं ते सायकल कलल्यावर.

वळणात सायकल 40 अंश कलली आहे आणि चाकाखाली 10 मिलिमीटर उंचीचा दगड आला, असं समजा. सस्पेन्शन फक्त सायकलच्या उभ्या पातळीत हलतं. त्या पातळीत दगड चाकाला सुमारे 7.7 मिलिमीटर ढकलतो, आणि त्याच वेळी आडवा सुमारे 6.4 मिलिमीटर. हा आडवा धक्का शोषायला शॉक नसतो. तो टायरची बाजू, स्पोक आणि मागचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता भाग) मिळून सोसतात. सगळंच ताठ असेल तर टायर जमीन सोडून उडी मारतो. स्विंगआर्म थोडा पिळला, तर टायर दगडावरून सरकत जातो आणि पकड टिकते. उतारावरच्या तिरक्या, मुळांनी भरलेल्या वाटेवर हा फरक पायांना स्पष्ट कळतो.

मग हे ॲल्युमिनियमला का जमू नये? पोलादाचा यंग गुणांक (ताठरपणाचं माप) सुमारे 200 गिगापास्कल आणि घनता 7.85 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, ॲल्युमिनियमचे आकडे 69 आणि 2.7. भागाकार करून पाहा, दोन्हीकडे उत्तर 25.5च्या आसपास येतं. म्हणजे वजनाच्या हिशेबात दोन्ही धातू सारखेच ताठ. फरक पडतो नळीच्या आकारामुळे. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दीडपट केला, तर वाकण्याला होणारा विरोध जवळजवळ 3.4 पट वाढतो. त्यात ॲल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची निश्चित मर्यादा नसते. लहान लहान ताणही लाखो वेळा पडले तर तडा जाऊ शकतो. म्हणून ॲल्युमिनियमची नळी मोठ्या व्यासाची आणि ताठ करावी लागते. पोलादात ताण ठरावीक मर्यादेखाली ठेवला की नळीला वर्षानुवर्षं वाकू देता येतं. इंग्लंडमधल्या कॉटिक आणि स्टार्लिंग या छोट्या कंपन्या याच आधारावर फुल-सस्पेन्शन सायकली बनवतात. त्यांच्या बऱ्याच फ्रेममध्ये रेनॉल्ड्स 853 वापरतात. वेल्डिंगनंतर हवेत थंड होताना हे पोलाद सांध्याजवळ कमजोर न होता कडक होतं, त्यामुळे भिंत पातळ ठेवता येते. किंमत मोजायची ती वजनात: फ्रेममागे साधारण अर्धा ते एक किलो जास्त.

आता जुळणी. सुरुवात टायरपासून करा, कारण टायरचा दाब चुकीचा असेल तर पुढचं प्रत्येक निरीक्षण फसवं ठरतं. पाणी-बॅगसह 80 किलोच्या स्वाराला 2.4 इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे 21 ते 23 आणि मागे 24 ते 26 पीएसआय हा चांगला आरंभ आहे. सीलंट (छिद्रं बुजवणारा द्रव) प्रत्येक टायरमध्ये 100 मिलिलिटरच्या आसपास.

नंतर सॅग, म्हणजे स्वार बसल्यावर सस्पेन्शन आपल्या वजनाने जितकं दबतं तितकं. ते नेहमीच्या बुटांत, भरलेल्या बॅगेसह मोजा. मागच्या शॉकसाठी 30 टक्के धरले तर 65 मिलिमीटरच्या शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग 19.5 मिलिमीटर सरकलेली दिसायला हवी. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या भागाला) 15 ते 20 टक्के पुरे. एअर शॉकमध्ये दाबाच्या आणि उलट बाजूच्या अशा दोन हवा-कोठड्या असतात. हवा दोन्हींत पसरण्याआधीच मोजलंत तर आकडा खोटा येतो. हवा भरा, शॉक हळूहळू दहा-पंधरा वेळा थोडा थोडा दाबा, मग दाब पुन्हा पाहा. तो उतरलेला असेल. पुन्हा भरा. पंप काढताना ‘फुस्स’ होतं ती हवा पंपाच्या नळीतली असते, शॉकमधली नव्हे. उलट पंप पुन्हा लावला की शॉकमधली थोडी हवा नळीत शिरते आणि आकडा कमी दिसतो. अनेक जण त्याला गळती समजून शॉक विनाकारण दुरुस्तीला नेतात.

पोलादी सिंगल-पिव्हट (स्विंगआर्म एकाच सांध्यावर फिरणाऱ्या) सायकलीवर बरेच जण हवेऐवजी तारेची कॉइल स्प्रिंग पसंत करतात. तिची निवड अंदाजाने करू नका, हिशेब सोपा आहे. 80 किलोपैकी बसलेल्या अवस्थेत सुमारे 65 टक्के, म्हणजे 52 किलो मागच्या चाकावर येतात. 52 गुणिले 9.81 म्हणजे 510 न्यूटन. चाकाची 150 आणि शॉकची 65 मिलिमीटर चाल, म्हणून तरफेचं गुणोत्तर 2.3. स्प्रिंगवर आले 1,173 न्यूटन. ते 19.5 ने भागले की 60 न्यूटन प्रति मिलिमीटर, बाजारातल्या भाषेत 344 पाउंड प्रति इंच. 350ची स्प्रिंग घ्या. मात्र गुणोत्तर सुरुवातीला जास्त असणाऱ्या फ्रेममध्ये सॅगच्या जागेचं गुणोत्तर धरा. ते 2.6 असेल तर उत्तर 390च्या घरात जातं. वरची कॉलर पिळून प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त ती कुठून दबायला सुरू होते ते बदलतं. दोन फेऱ्यांहून जास्त पिळावं लागत असेल तर स्प्रिंग बदला.

रिबाउंड म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत येतो ते. नॉब पूर्ण बंद करून क्लिक मोजत उघडा. बसलेल्या स्थितीत फुटपाथच्या कडेवरून सरळ खाली उतरा. मागची बाजू एकदा वर येऊन शांत झाली तर जमलं. दोनदा हिंदकळली तर फार मोकळं आहे. अजिबात उसळली नाही आणि पाठोपाठच्या खड्ड्यांत सायकल खाली खाली बसत गेली, तर फार बंद. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आकडा वहीत लिहा. एअर शॉक वारंवार तळाला आपटत असेल आणि सॅग बरोबर असेल, तर दाब वाढवू नका. आत व्हॉल्यूम स्पेसर घाला. हवेची जागा कमी झाली की चालीच्या शेवटी दाब झपाट्याने चढतो, सुरुवातीला फारसा फरक पडत नाही.

बदल करताना भूमिती आधी कागदावर मांडा. पुढे 29 आणि मागे 27.5 इंची चाक बसवलं, तर रिमचा व्यास 622 वरून 584वर येतो, म्हणजे मागचा ॲक्सल (चाकाचा आस) 19 मिलिमीटर उतरतो. 1,220 मिलिमीटरच्या व्हीलबेसवर (दोन ॲक्सलमधल्या अंतरावर) हेड अँगल, म्हणजे पुढच्या फोर्कचा कल, सुमारे 0.9 अंशाने आडवा होतो आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाची जागा) 12 मिलिमीटर खाली येतो. पेडल दगडांना लागू लागतील. 10 मिलिमीटर जास्त लांब फोर्क लावला तर हेड अँगल साधारण अर्ध्या अंशाने आडवा होतो. लांब स्ट्रोकचा (जास्त चालीचा) शॉक मोहक वाटतो, पण तो बसवण्याआधी स्प्रिंग काढून (किंवा हवा सोडून) चाक पूर्ण वर दाबा. टायर सीट-ट्यूबला (सीटखालच्या नळीला) टेकत असेल तर तो शॉक त्या फ्रेमचा नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट शॉकच्या डोळ्यांची, म्हणजे त्याच्या दोन टोकांच्या बोल्टच्या छिद्रांची. स्विंगआर्म पिळतो, हाच या सायकलीचा गुण; पण तो पीळ शॉकच्या दांड्यापर्यंत पोहोचला तर दांड्यावर एका बाजूने ओरखडे उठतात, सील झिजतं आणि तेल येऊ लागतं. काळा किंवा सोनेरी थर एकाच बाजूने उडालेला दिसला तर कारण हेच. एका टोकाला गोलाकार बेअरिंग बसवता येत असेल तर बसवा. शॉक आडवा थोडा झुलू शकतो आणि दांडा वाचतो. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. कमी आवळला तर बेअरिंग जागेवर कुरकुरतं, जास्त आवळला तर ते जाम होतं आणि सॅगच खोटं दिसू लागतं. शॉक काढून स्विंगआर्म हाताने उचला. तो स्वतःच्या वजनाने सहज खाली पडला पाहिजे.

शेवटी गंज. सह्याद्रीच्या पावसात किंवा कोकणच्या खाऱ्या हवेत फिरणाऱ्याने याकडे विशेष लक्ष द्यावं. पोलाद आतून गंजतं, बाहेरचा रंग मात्र धड दिसत राहतो. राइडनंतर सीटपोस्ट काढून सायकल उलटी उभी करा, म्हणजे नळीत साचलेलं पाणी निथळेल. बॉटम ब्रॅकेटखालचं भोक चिखलाने बुजलेलं नसावं. ॲल्युमिनियमच्या सीटपोस्टला ग्रीस लावा, नाहीतर दोन धातूंमध्ये पाणी शिरून तो अडकून बसतो. नळ्यांच्या आत जवसाचं तेल फिरवून जास्तीचं निथळू द्या. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा काही दिवसांत कोरडा थर तयार होतो. त्या तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. संयोगाची उष्णता आत कोंडून ती आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवून ठेवा, किंवा मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळू द्या आणि मगच टाका.