पुढाऱ्यांनो, अब्रुनुकसानीची केस टाकायच्या आधी हे वाचा

"खोटं लिहिलंय ना, मग टाका की केस!" सरपंच असो नाहीतर नगरसेवक, वकिलाच्या ऑफिसात आल्या आल्या पहिलं वाक्य हेच. पण पदावरच्या माणसाचं नुसत्या खोट्यावर भागत नाही हो. सुप्रीम कोर्टानं १९९४ च्या राजगोपाल निकालात सांगून ठेवलंय (तमिळनाडूच्या नक्कीरन या नियतकालिकाची केस ती), टीका तुमच्या पदाच्या कामावर असेल तर भरपाई मागताना दाखवावं लागतं की समोरच्यानं खऱ्याखोट्याची फिकीरच न करता छापलं. त्यानं "मी बऱ्यापैकी खातरजमा केली होती" एवढं सिद्ध केलं की बातमी चुकीची निघाली तरी तो सहसा सुटतो. म्हणून त्यानं छापायच्या आधी तुम्हाला फोन केला होता का, कागद मागितले का, तुम्ही पाठवलेला खुलासा दाबला का, हे आधी गोळा करा.

मध्ये एक सरपंच, पंचायतीच्याच नावानं केस करायची म्हणून, ग्रामपंचायतीचा ठरावच घेऊन आले, शिक्क्यासकट. उपयोग शून्य! त्याच निकालाप्रमाणे स्थानिक संस्थेला स्वतःच्या बदनामीची भरपाई मागताच येत नाही, दावा स्वतःच्या नावानं आणि खर्चही स्वतःच्या खिशातून.

पोलीस स्टेशनला चकरा मारू नका, एफआयआर होत नाही. फौजदारी करायची तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली मॅजिस्ट्रेटकडे खाजगी तक्रार.

मुदतीत तर निम्मे लोक गंडतात. फौजदारीला ३ वर्षं हे कुठूनतरी ऐकलेलं असतं, ते बरोबरच, पण भरपाईच्या दिवाणी दाव्याला फक्त १ वर्ष, तेही छापल्या तारखेपासून, तुमच्या कानावर आल्यापासून नाही. नोटीसा खेळत बसलात तरी घड्याळ थांबत नाही.

आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे सर्टिफिकेट. व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट झेरॉक्सवाल्याकडून रंगीत काढून आणला की झालं असं वाटतं, पण १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, त्यात भाग अ ज्याचा फोन त्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं, आणि वर हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलमध्ये फेरफार झाला नाही हे ओळखायचा कोड. तो तज्ज्ञ तालुक्यात कुठे बसतो विचारा, कुणालाच सांगता येत नाही, फॉर्म बनवणाऱ्यांनी तालुका कधी बघितलाय का देव जाणे. म्हणून निदान मेसेज ज्या फोनवर आला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, आणि ग्रुपमधून रागारागानं बाहेर पडू नका.